पाठवणाऱ्याचं नाव

गंगाधरराव जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांच्या पत्त्यावर येणारं टपाल काही थांबलेलं नाही. कुरिअरवाला त्यांच्या फाटकाशी गाडी उभी करतो, कुलूप बघतो आणि माझ्याकडे येतो. लिफाफ्यावर कुणाचं तरी नाव असतं आणि त्याखाली 'मार्फत गंगाधरराव'. कुणाचं बँकेचं कार्ड, कुणाचं विम्याचं पत्र, कुणाच्या फ्लॅटच्या सोसायटीची नोटीस. नावं सगळी ओळखीची असतात. परभणीच्या या आमच्या कॉलनीत गुडघे फोडून घेत वाढलेली ही पोरं आता डॅलसला आहेत, सिडनीला आहेत, आणखी कुठे कुठे आहेत. गंगाधरराव वारले हे त्यांच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही, आणि उरलेल्यांना ठाऊक असूनही पत्ता बदलायला सवड झालेली नाही. मी कुरिअरवाल्याला सांगते, परत पाठव. परवा त्याने विचारलं, "काय कारण टाकू, बाई?" मी म्हटलं, "माणूस मेला म्हणून टाक." त्याच्या मोबाइलमध्ये तसं कारणच नव्हतं. त्याने 'घर बंद' वर बोट ठेवलं आणि तो गेला.

मी गंगाधररावांची शेजारीण. जन्मभर शाळेत पोरांचे कान उपटले, त्यामुळे कॉलनीत सगळे मला बाईच म्हणतात. आमचा फार स्नेह होता असं मी म्हणणार नाही. आमची एक भिंत सामाईक होती आणि त्या भिंतीवरून होणारी भांडणं सामाईक होती. पण संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर शांताबाईंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, गप्पा मारत मी बसत असे, आणि त्यामुळे जे घडलं ते बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. घडलं नसतं तर बरं झालं असतं.

विद्यापीठाच्या कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. आलेलं टपाल वहीत चढवायचं, जाणारं टपाल वहीत चढवायचं. अशा कामात माणूस मऊ होतो, निमूट होतो. गंगाधरराव उलट ताठ झाले होते. सगळं जग आपल्या टेबलावरून जातं अशी त्यांची पक्की समजूत होती आणि निवृत्त झाल्यावरही ती गेली नाही. कॉलनीत कुणाकडे नातू झाला की म्हणायचे, "कदमांकडं आवक झाली." कुणी गेलं की नुसतं "जावक" म्हणायचे आणि टोपी घालून निघायचे.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास कॉलनीतली पोरं परदेशी जायला लागली. जाणाऱ्या प्रत्येकाला भारतातला एक पत्ता लागायचा. बँक पत्ता मागते, पासपोर्टवाले मागतात, विमा कंपनी मागते. आई-बाप कधी पुण्याला थोरल्याकडे, कधी गावाकडे. मग कुणीतरी म्हणालं, गंगाधररावांचा द्या, ते कुठे जात नाहीत. एकाने दिला, मग सगळ्यांनी दिला. परदेशात राहणाऱ्यांचं टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्या कंपन्या असतात म्हणे, पैसे भरले की झालं. आमच्याकडे गंगाधरराव होते. पैसे घेत नसत. मिजास मात्र पुरेपूर दाखवत.

समोरच्या खोलीत त्यांनी कचेरीच थाटली होती. टेबल, वजनकाटा, डिंक, दाभण, सुतळी आणि पांढऱ्या मांजरपाटाचा एक गठ्ठा. घरच्यांनी पोरांसाठी पापड, चटण्या, मेतकूट आणून दिलं की ते खोक्यात भरून, खोक्याला मांजरपाट शिवून, वर काळ्या शाईने पत्ता घालत. कुरिअरवाले सांगून दमले की हल्ली कापड शिवावं लागत नाही. त्यांचं अक्षर मात्र बघत राहावं असं होतं. मोठं, सरळ, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढलेली. बाजारातल्या कुरिअरच्या दुकानात त्यांचं पार्सल लांबूनच ओळखत. तिथे त्यांना सगळे अण्णा म्हणत.

दुसऱ्याचं पाकीट ते कधी आपण होऊन उघडत नसत. व्हिडिओ कॉल लावायचा, पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायचं, "बघ, फोडायलोय" म्हणायचं आणि मग पट्टीने कड कापायची. कागद कॅमेऱ्याकडे, स्वतःचं तोंड भिंतीकडे. मला हा सगळा तमाशा वाटायचा. मी तसं बोलूनही दाखवत असे.

एकदा माझा पाय प्लास्टरमध्ये होता. लेकासाठी केलेल्या शेवया मी कामवालीबरोबर त्यांच्याकडे पाठवल्या. त्यांनी तिला तशीच परत पाठवली. निरोप काय, तर पाठवणारा कुठे आहे. मी पलंगावरून भिंतीवर काठी आपटली आणि तोंडाला येईल ते बोलले. थोड्या वेळाने स्वतःच खोकं, दौत आणि ब्रश घेऊन आले, मला खोक्याला हात लावायला लावला आणि माझ्यासमोर माझं नाव लिहिलं.

"अहो, माझंच नाव आहे. मीच पाठवतेय. त्यात बघायचं काय?"

"तुमी पाठवायलाव हे मी बघायला पायजे ना, बाई. नाव लिवणं म्हंजी गवाही देणं हाय."

मी त्यांना वेडपट म्हटलं. त्यांना ते लागलं असेल तरी त्यांनी दाखवलं नाही.

याच्याहून वाईट प्रकरण औषधवाल्यांच्या प्रसादचं झालं. प्रसाद कॅनडात आणि त्याची बायको इकडे माहेरी बसलेली. तिने कोर्टात अर्ज केला आणि समन्स गंगाधररावांच्या पत्त्यावर आलं. प्रसादने फोन करून सांगितलं की काका, तो इथे राहत नाही म्हणून परत करा. गंगाधरराव म्हणाले, तू इथे राहत नाहीस हे खरं, पण तुझं सगळं टपाल इथे येतं हेही खरं. त्यांनी सही केली, कागदाचा फोटो काढला आणि त्याला पाठवून दिला. मग प्रसादची आई फाटकाशी येऊन कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचा उद्धार करून गेली. ते ओट्यावर उभं राहून शेवटपर्यंत ऐकत होते. ती गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "आलेलं आलं म्हणायचं, बाई. उगं झूट कशाला?" त्या दिवसापासून औषधवाल्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ते पार बाजारापर्यंत चालत जाऊ लागले. मला त्यांचं कौतुक वाटलं नाही. आपण खोटं बोलत नाही याचा काही माणसांना फार गर्व असतो, आणि तो दुसऱ्याच्या जिवावर चालतो, असं माझं मत होतं.

आता रेखाचं सांगते. रेखा बोरीची. विद्यापीठात शेतकी शिकायला आली तेव्हा गंगाधररावांच्या वरच्या खोलीत राहिली, आणि शिक्षण संपेपर्यंत तिथेच राहिली. शांताबाईंच्या हातचं खाल्लं, गंगाधररावांची बोलणी खाल्ली. पुढे लग्न झालं आणि बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी लागून ती नवऱ्यासह हॉलंडला गेली. तिचंही टपाल अर्थात इथेच येऊ लागलं. दर रविवारी तिचा फोन यायचा. टपालाचं निमित्त असायचं. बाकीच्यांना गंगाधरराव 'आलंय, पाठवलंय' एवढंच सांगत. हिच्याशी मात्र तासभर बोलत.

तिचे वडील मारोतराव, बोरीचे खाऊनपिऊन सुखी शेतकरी. जाडजूड मिश्या, बोलणं मोठ्याने, शाळेशी संबंध फक्त लेकीला सोडायला जाण्यापुरता. लेकीसाठी तीळ, शेंगदाण्याची चटणी, घरचे सांडगे असं काहीबाही घेऊन ते एसटीने परभणीला येत. पार्सल शिवून होईपर्यंत मांडी घालून बसत. "भाऊ, माजं नाव जरा ठळक घाला," असं दरवेळी सांगत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव ओळखू यायचं. शाई वाळली की ते त्या नावावरून सावकाश बोट फिरवत, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि मगच उठत. गंगाधररावांनी हे एकदा रेखाला सांगितलं तेव्हा ती तिकडे रडली होती. मग कापडावरचा तो नावाचा तुकडा ती कापून ठेवायला लागली. तिच्या स्वयंपाकघरात असे तुकडे टाचून ठेवलेले आम्ही व्हिडिओवर पाहिले आहेत.

रेखाचं पहिलं गरोदरपण मधेच फिसकटलं होतं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी तिला जपून राहायला सांगितलं, प्रवासाचं नाव काढू नको म्हणाले. सातव्या महिन्यात माहेरची ओटी जाते. तिला इकडे येता येत नव्हतं, तर मारोतराव जिंतूरला जाऊन स्वतः हिरवी साडी घेऊन आले आणि फोनवर लेकीला रंग सांगितला, काठ सांगितले, पदर सांगितला. आता येतो अन् भाऊकडून पाठवतो, म्हणाले. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत, बांधावर बसल्या बसल्या, गेले.

गंगाधरराव अंत्यविधीला गेले, तेरवीलाही गेले. तेरवीच्या पंगतीतच ठरलं की रेखाला मोकळी होईपर्यंत काही कळू द्यायचं नाही. आमच्याकडे पोटुशीला वाईट बातमी सांगत नाहीत. ठरवणारे तिचे चुलते, तिचा भाऊ बालाजी, आणि फोनवरून तिचा नवरा. सगळे पुरुष. बाप कुणाचा गेला आणि ठरवलं कुणी. पण तेव्हा मीही 'शहाणपणाचं केलं' असंच म्हटलं असणार, कारण सगळेच म्हणत होते.

लपवणं मात्र सोपं नव्हतं. रेखा फोन करी आणि बाबा कधी रानात असत, कधी त्यांचा मोबाइल पाण्यात पडलेला असे. तिला शंका यायला लागली. ओटीचं पार्सल का आलं नाही म्हणून ती रोज विचारू लागली. तेव्हा बालाजी साडी घेऊन गंगाधररावांकडे आला आणि म्हणाला, काका, बाबांच्या नावानं पाठवून द्या.

गंगाधररावांनी साफ नाही म्हटलं. तुझ्या नावाने पाठवतो म्हणाले. बालाजी म्हणाला, माझं नाव दिसलं की तिला कळलंच म्हणून समजा, ती नावाचे तुकडे जपून ठेवते. गंगाधरराव म्हणाले, मग नाही पाठवत. बालाजी साडी घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला.

सरूबाई आत आल्या नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसल्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्यांच्याजवळ पिशवी होती आणि पिशवीत साडी, खण, नारळ आणि कागदात बांधलेला हिरवा चुडा. पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली आणि पदराखाली हात घेतले. शांताबाईंना म्हणाल्या की वैनी, चुडा तुमीच ठेवा, माजा हात नको लागाय. शांताबाईंनी बांगड्या एकेक उचलल्या. फुटू नयेत म्हणून सोबत त्यांच्याच रानातला कापूस आणला होता, मारोतरावांच्या शेवटच्या वेचणीतला. त्या कापसात त्यांनी बांगड्या गुंडाळल्या. लेकीच्या ओटीला आईचा हात लागू न देणारी ही रीत ज्या कुणी काढली असेल त्याला माझे तळतळाट लागोत, असं मला त्या वेळी वाटलं आणि आजही वाटतं.

गंगाधरराव दारात उभे होते. सरूबाई त्यांच्याकडे न बघता बोलल्या.

"भाऊ, साडी त्यांनीच आणली. तेच पाठवायलेत असं समजा. पोरीला कळलं तर ती इमानात बसून हिकडं यील, अन् मंग हे बी लेकरू हातचं जाईल. तुमी नाव लिवा. पाप माज्या माथी."

त्यांनी पायरीवरची पिशवी उचलली. मग आत जाऊन मांजरपाट शिवायला बसले. शिवून झाल्यावर दौत उघडली. आधी हॉलंडचा पत्ता लिहिला. मग पाठवणाऱ्याच्या जागी 'श्री' लिहिलं आणि ब्रश वरच्या वर धरून थांबले. शाईचा थेंब कापडावर पडला. त्यांच्या हातून डाग पडलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी मारोतरावांचं नाव लिहिलं, नेहमीसारखंच ठळक. शाई वाळली, पण त्या नावावर बोट फिरवायला कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी फोन आला. गंगाधररावांना एका कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे फोन मोठ्या आवाजावर असायचा. पार्सल मिळालं होतं. रेखाने साडीचं कौतुक केलं, चुडा एकही फुटला नाही म्हणून सांगितलं. मग विचारलं, "काका, बाबा सोता आलते ना?"

"पार्सल मी सोता शिवलंय," गंगाधरराव म्हणाले.

"ते न्हाई ईचारायले. घरचे काय बी सांगायलेत, माजा कुणावर भरोसा न्हाई. तुमी सांगा. बाबांनी नावावर बोट फिरवलं का?"

मी शांताबाईंकडे पाहिलं. त्या परातीतले तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"हो," गंगाधरराव म्हणाले. "फिरवलं."

तिकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. मग ती हसून बोलायला लागली. दोन दिवसांनी तिने हिरव्या साडीतले फोटो पाठवले, फुलं माळलेली, हात भरून बांगड्या, आणि खाली लिहिलं होतं की बाबांना दाखवा. गंगाधररावांनी ते फोटो पाहिले आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

मुलगी झाली. सुखरूप झाली. शांताबाईंनी बाळासाठी आपल्या जुन्या मऊ लुगड्याची कुंची शिवायला घेतली. सव्वा महिना उलटल्यावर बालाजीने बहिणीला सांगितलं. त्यानंतर दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा मी तिथे होते. उठून जायला हवं होतं, पण त्यांनीच मला हाताने बसा म्हटलं. एकट्याने ऐकायची त्यांची तयारी नसावी.

रेखा रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"काका, तुमी तिकडं तेरवी जेवलाव अन् मी हिकडं हिरवं नेसून फोटो काढायले. घरचे घाबरले, ते मी समजू शकते. तुमी तर परके होताव. म्हणून तर तुमाला ईचारलं होतं."

गंगाधररावांनी मोबाइल जवळ ओढला.

"बालाजी म्हणायला, आमी नुसती साडी दिलती, नाव काकांनी आपल्या मनानं लिवलं. खरं हाय का?"

मी ताडकन उठले. तोंड उघडणार तोच गंगाधररावांनी माझ्याकडे बघून हात वर केला. शाळेत मी पोरांना गप्प करायची तसा.

"हो," ते म्हणाले. "मीच लिवलं."

फोन बंद झाला. मी त्यांना काय काय बोलले ते आता आठवत नाही. त्या बालाजीची जीभ झडली नाही कशी, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत, आत्ताच्या आत्ता मी तिला फोन करते, असं बरंच. त्यांनी माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"बाई, तिला बाप ऱ्हायला न्हाई. भाऊ तरी ऱ्हाऊ द्या. पत्ता काय, दुसरा भेटतो."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. त्या घरात सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं. नवऱ्याला माफी, चुलत्यांना माफी, भावाकडून तर माहेरची साडीही घेतली. पुढच्या दिवाळीत बहीण-भाऊ व्हिडिओवर ओवाळत होते. सगळा राग कुठेतरी ठेवायला जागा लागते, ती त्यांनी परक्याच्या घरी शोधली. आणि हा शहाणा माणूस म्हणाला, ठेवा.

रेखाने पत्ता बदलला. पुण्यातल्या एका कंपनीचा घेतला, परदेशी राहणाऱ्यांसाठीच असते तशी. तिथे आलेल्या टपालाचा बाहेरून फोटो काढून तिला पाठवतात, आणि फोडायचं, पुढे धाडायचं की नाकारायचं ते ती मोबाइलवर सांगते. यापुढे काही आलं तर त्या पत्त्यावर पाठवावं, असा तिचा निरोप आला. खाली 'काका' नव्हतं, नुसतं धन्यवाद होतं. गंगाधररावांनी तो निरोप मला वाचून दाखवला आणि कामाची पद्धत चांगली आहे म्हणाले. मग चुकून आलेला तिचा एकेक लिफाफा ते इमाने इतबारे पुण्याला पाठवत राहिले. बाकीची पोरंही हळूहळू तसल्या सोयींकडे वळली. जी वळली नाहीत ती आळसाने वळली नाहीत.

पार्सलं मात्र ते अजून शिवून देत, फक्त पाठवणाऱ्याचं नाव लिहीत नसत. ब्रश समोर धरत आणि म्हणत, "तुमचं तुमी लिवा." माझ्या गिचमिड अक्षरात माझं नाव त्या सुंदर पत्त्याखाली घालताना मला लाज वाटायची.

बालाजी एकदाच आला. दिवाळीचा फराळ घेऊन, काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने. त्याला वाटलं असेल, हा म्हातारा निमूट ऐकून घेणारा आहे. गंगाधररावांनी त्याला बसायला सांगितलं नाही. विचारलं, "पाठवणारा कोण?" तो म्हणाला, आई. "आई कुठंय?" तो म्हणाला, गावाकडं. "मंग घेऊन ये." बालाजी डबे उचलून गेला आणि बाजारातल्या दुकानात देऊन मोकळा झाला. तिथे असलं काही विचारत नाहीत.

कुंची तशीच राहिली होती. शांताबाईंना आता नीट दिसत नव्हतं, गुडघे गेले होते, आणि त्यांनी एकच धोसरा लावला होता की पोरीच्या लेकराला कुंची पोचवा. ते लेकरू आता कुंचीच्या वयाचं राहिलं नसेल, हे त्यांना कोण सांगणार. शेवटी गंगाधररावांनी ती मांजरपाटात शिवली. वर रेखाचं नाव आणि पुण्याचा पत्ता घातला. पाठवणाऱ्याची जागा कोरी ठेवली. मी विचारलं, तुमचं नाव का नाही.

"माजं नाव बघितलं तर ती फोडायची न्हाई."

कुरिअरच्या दुकानातला मुनीम म्हणे नावाशिवाय घेत नव्हता. पण अण्णांशी इतक्या वर्षांचा संबंध, त्याने डोळेझाक केली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही दिवसांनी. दुसऱ्या सकाळी मी बहिणीकडे अंबाजोगाईला निघाले होते आणि परत येईपर्यंत ते गेले होते आणि शांताबाईंना माहेरच्यांनी नेऊन घराला कुलूप लागलं होतं. निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. शांताबाई आतल्या खोलीत पडून होत्या. कुरिअरवाला आला आणि त्याने पिशवीतून पांढरं पार्सल काढलं. टाके जसेच्या तसे होते. वर छापील चिठ्ठी डकवली होती, घेण्यास नकार.

"यावर नाव नाही, मग इथे कसं आणलंस?" मी विचारलं.

"नाव कशाला पायजे, बाई? अण्णाचं अक्षर हाय की," तो म्हणाला.

गंगाधररावांनी पार्सल हातात घेतलं आणि पत्त्याकडे बघत राहिले. कंपनीने त्याचा बाहेरून फोटो काढला असणार. रेखाने तो पाहिला असणार. त्या अक्षराच्या तुकड्यांनी तिचं स्वयंपाकघर भरलेलं होतं, तिला नाव कशाला लागतं. हे त्या हुशार माणसाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. ते म्हातारे झाले होते हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

कुरिअरवाल्याने सहीसाठी मोबाइल पुढे केला. मी म्हटलं, "घेऊ नका. तुमचं नाव कुठे आहे त्यावर? आमचं नाही म्हणून सांगा आणि जाऊ द्या त्याला."

"आलेलं आलं म्हणायचं, बाई," ते म्हणाले. आणि त्या काचेवर त्यांनी बोटाने आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

कुरिअरवाला गेला. आतून शांताबाईंचा आवाज आला. फाटकाचा आवाज त्यांनी ऐकला होता.

"कुरिअरवाला होता का? काय म्हणायला? पोचली का कुंची पोरीला?"

गंगाधररावांनी पार्सल टेबलाखालच्या मांजरपाटाच्या गठ्ठ्यात खोल सारलं आणि वरचं कापड नीट केलं.

"हो," ते म्हणाले. "पोचली."